भ्रूणाचे गोठण व वितळण : कोलकात्यातील १९७८ च्या दाव्याचा पुनर्विचार

भारतातील नलिकाशिशूच्या इतिहासाची चर्चा बहुधा ‘पहिले कोण’ या प्रश्नाभोवतीच फिरते. डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून कोलकात्यात ३ ऑक्टोबर १९७८ रोजी ‘दुर्गा’ जन्मली, ती लुईझ ब्राउनच्या जन्मानंतर अवघ्या ७० दिवसांनी. तथापि या दाव्याचे वेगळेपण कालक्रमात नव्हते. गर्भाशयात सोडलेला भ्रूण तत्पूर्वी ५३ दिवस गोठवलेला होता, हे त्यातील असाधारण विधान होय.

त्याचे वजन कळण्यासाठी गोठणाची प्रक्रिया ध्यानात घ्यावी लागते. पेशी थंडीने सहसा मरत नाही, ती बर्फाने मरते. तापमान झपाट्याने उतरल्यास पेशीच्या आतच हिमस्फटिक तयार होतात. फार संथ उतरल्यास पाणी बाहेर पडून उरलेल्या क्षारांची तीव्रता घातक ठरते. वितळतानाही संकट तेवढेच असते, कारण मधल्या तापमानात स्फटिक पुन्हा वाढू शकतात. १९४९ मध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी शुक्रपेशींसाठी ग्लिसरॉलचा संरक्षक गुण दाखवला. भ्रूणाला मात्र १९७२ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी व्हिटिंगहॅम, लीबो व मॅझूर यांनी उंदरांचे भ्रूण उणे १९६ अंशांपर्यंत नेऊन जिवंत परत आणले. दर मिनिटाला ०.३ ते २ अंश थंड करणे आणि ४ ते २५ अंश या संथ गतीने तापवणे, ही त्यांची अट होती. वितळल्यानंतर ५० ते ७० टक्के भ्रूणांची वाढ पुढे सुरू राहिली.

मानवी भ्रूणाच्या बाबतीत असा आधार १९७८ मध्ये नव्हता. मुखर्जींनी डायमिथाइल सल्फॉक्साइड हे संरक्षक द्रव्य वापरले. त्यांचे सहकारी सुनीत मुखर्जी अन्नतंत्रज्ञानाचे प्राध्यापक होते. गोठणशास्त्राची ही वाट प्रसूतिशास्त्राबाहेरून आली, हे लक्षणीय आहे. गोठवण्यामागील कारणही नेमके होते. संप्रेरकांनी बीजांडकोश उद्दीपित केलेल्या चक्रात गर्भाशयाचे अस्तर अनुकूल नसते, म्हणून भ्रूण राखून ठेवावा व पुढील नैसर्गिक चक्रात सोडावा, असा हा विचार होता. आज उद्दीपनानंतर सर्व भ्रूण गोठवून नंतर रोपण करण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे.

पश्चिम बंगाल शासनाच्या समितीने नोव्हेंबर १९७८ मध्ये दावा अमान्य केला. समितीचे अध्यक्ष रेडिओभौतिकीचे प्राध्यापक होते, एवढी नोंद पुरेशी आहे. पुढे मुखर्जींची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, ट्राउन्सन व मोर यांनी मेलबर्नहून गोठवलेल्या मानवी भ्रूणापासून गर्भधारणेचे वृत्त प्रसिद्ध केले. १९८४ मध्ये तेथे बाळ जन्मले. त्यांचेही संरक्षक द्रव्य डायमिथाइल सल्फॉक्साइड हेच होते. राल व फाही यांनी १९८५ मध्ये उंदरांच्या भ्रूणांवर दाखवलेल्या काचीभवनाने पुढे बर्फ तयारच होऊ न देण्याचा मार्ग खुला केला.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेल्या बालिकेचे श्रेय डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह ज्यांना दिले जाते, त्या डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच १९९७ मध्ये मुखर्जींची हस्तलिखित टिपणे तपासून त्यांच्या अग्रक्रमाची बाजू ‘करंट सायन्स’मध्ये मांडली. स्वतःचा मान खाली उतरवणारी ही साक्ष आहे, म्हणून तिचे मोल अधिक मानावे लागते. एका जन्मावरून भ्रूण जगण्याचे प्रमाण सिद्ध होत नाही, ही हरकत रास्त आहे. पण मुखर्जींचा दावा प्रमाणाचा नव्हता, शक्यतेचा होता.