पावाचा राखणदार : ‘लॉर्ड’ या संज्ञेचा इतिहास

इंग्रजीतील ‘लॉर्ड’ हा शब्द सरदारकी, न्यायासन आणि ईश्वर अशा तीन अर्थक्षेत्रांत वावरतो. त्याचे प्राचीन इंग्रजीतील रूप ‘ह्लाफोर्ड’; ‘ह्लाफ’ म्हणजे पाव आणि ‘वेअर्ड’ म्हणजे राखणदार या पदांच्या समासातून ते घडले. ‘लेडी’च्या पूर्वरूपाचा अर्थ पावाची कणीक मळणारी असा लावला जातो. यावरून सत्तेच्या मुळाशी पोषणाची जबाबदारी होती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो तपासून घ्यायला हवा.

केंटचा राजा एथेलबर्ट याच्या इ. स. ६०० च्या सुमाराच्या कायद्यात या शब्दकुलातील तिसरा शब्द भेटतो : ‘ह्लाफएटा’, म्हणजे पाव खाणारा. सामान्य स्वतंत्र गृहस्थाच्या अशा आश्रिताचा वध झाल्यास ६ शिलिंग भरपाई द्यावी, असे ते कलम सांगते. खाणाऱ्याची ओळख येथे तो कोणाचे खातो यावरून ठरते. पाव हे केवळ पोषण नव्हे, अंकिततेची खूणही आहे. मात्र ज्याने जमीन नांगरली, त्याला या शब्दत्रयीत स्थानच नाही.

प्राचीन इंग्रजी ख्रिस्ती काव्यात ईश्वरासाठी प्रामुख्याने ‘द्रिख्टेन’ हा शब्द येतो. योद्ध्यांच्या टोळीचा नायक हा त्याचा मूळ अर्थ. मध्ययुगीन इंग्रजीत तो मागे पडला आणि त्याची जागा ‘लॉर्ड’ने घेतली. १६११ च्या अधिकृत बायबलमध्ये हिब्रू ईश्वरनामासाठी मोठ्या अक्षरांत हाच शब्द छापला गेला. तोवर उच्चारातील पाव झिजून गेला होता आणि ‘ह्लाफएटा’ लुप्त झाला होता. आश्रिताचा निर्देश करणारा शब्द गेल्यामुळे नातेवाचक संज्ञा पदवाचक बनली. सत्ता परस्परसंबंधातून सुटून स्वयंभू भासू लागली. म्हणूनच सत्तावाचक शब्दांचा इतिहास लिहिताना टिकलेल्या शब्दांइतकेच हरवलेले शब्दही वाचावे लागतात.

मराठीत या शब्दाचा ‘लाट’ झाला, तो वासाहतिक सत्तेच्या सहवासात. येथे खाल्ल्या मिठाला जागण्याचे बंधन त्या शब्दाला कधीच चिकटले नाही. त्यामुळे ‘मोठा लाटसाहेब लागून गेला’ असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत पाव खाणाऱ्याचा शब्द नाहीसा झाला; मराठीत मात्र पदवीच्या उच्चारातच अंकिताचा उपरोध ऐकू येतो.