पडद्यावरची पोलीस-जोडी : आडनाव कुणाचे, हसू कुणाचे?

एकमेकांच्या अगदी उलट स्वभावाचे दोन पोलीस एकाच तपासाला जुंपले जातात, आधी भांडतात आणि शेवटी जिवाला जीव देतात. या साच्याच्या चित्रपटाला ‘बडी-कॉप’ म्हणतात. जोडीत फरक असेल तरच विनोद घडतो, म्हणून समाजातला भेद या प्रकारात आपोआप शिरतो.

अमेरिकेत तो भेद वर्णाचा आहे. ‘४८ अवर्स’मध्ये (१९८२) गोरा पोलीस आणि तुरुंगातून तात्पुरता बाहेर काढलेला काळा कैदी आहे, तर ‘रश अवर’मध्ये (१९९८) काळा अमेरिकन पोलीस आणि हाँगकाँगचा चिनी इन्स्पेक्टर. टवाळी पुष्कळदा वर्णावरूनच होते, पण भेद निदान उघड बोलला जातो.

आपल्याकडे तो हुद्द्याआड लपतो. महेश कोठारे यांच्या ‘दे दणादण’मध्ये (१९८७) साहेब कोठारे आणि हवालदार लक्ष्मीकांत बेर्डे. हसायचे ते हवालदाराला. ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) इन्स्पेक्टरचे नाव महेश जाधव, तर बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या त्याच्या मित्राचे लक्ष्या बोलके. साहेबाला खरेखुरे आडनाव, विनोदवीराला गमतीचे. त्यातही ‘जाधव’ मराठ्यांत आहे, बौद्धांत आहे, इतर समाजांतही आहे. तरी हा इन्स्पेक्टर बौद्ध असेल, असे पाहणाऱ्यांपैकी कितीजणांच्या मनात आले असेल? चित्रपट जात सांगत नाही, तेव्हा प्रेक्षक ती स्वतःच भरून घेतो. आणि नायकासाठी कोणती जात भरायची, हे ठरलेले असते.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी मांडलेल्या मागण्यांत सरकारी नोकऱ्यांतील पुरेशा प्रतिनिधित्वाची मागणी होती. आज टेंभी नाक्यापासून जवळच, साकेतच्या मैदानावर पोलीस भरतीसाठी धावणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतली मुले-मुली असतात. राखीव जागेतून आलेल्याकडे ठाण्यात कसे पाहिले जाते, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक असते. पडद्यावरचे ठाणे मात्र जणू जातीबाहेरचे.

या बाबतीत २०२३ हे वर्ष वेगळे ठरले. ‘दहाड’ या वेबमालिकेत दलित महिला फौजदार जवळून गेली की एक सहकारी उदबत्ती लावतो. पण ती गंभीर मालिका. विनोदाच्या अंगाने हा विषय आणला तो यशोवर्धन मिश्रा दिग्दर्शित ‘कटहल’ने. आमदाराच्या बागेतले दोन फणस चोरीला जातात आणि अख्खे ठाणे त्यांच्यामागे लागते. तपास इन्स्पेक्टर महिमा बसोर (सान्या मल्होत्रा) हिच्याकडे. बसोर ही बांबूकाम करणारी अनुसूचित जात. तिचा प्रियकर सौरभ द्विवेदी तिच्याच हाताखाली शिपाई आहे. म्हणजे नेहमीची जोडी इथे उलटी झाली : हुद्द्याने ती वर, जातीने तो.

खरी मेख पुढे आहे. माळ्याची मुलगी बेपत्ता आहे, पण तिला शोधायला यंत्रणेला सवड नाही. महिमा युक्ती करते. फणस त्या मुलीनेच चोरले, असे ती सांगते, आणि मग सगळी यंत्रणा मुलीच्या शोधाला लागते. गरिबाच्या लेकीपेक्षा फणसाला भाव जास्त, हे भाषण न ठोकता हसवत सांगितले आहे. विनोदाचे टोक ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडे नाही, तर यंत्रणेकडे आहे. असा चित्रपट पाहताना मी आधी हेच तपासते. या चित्रपटाला ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा मान मिळाला.

त्याच वर्षी मराठीत ‘घर बंदूक बिरयानी’ आला. दिग्दर्शक हेमंत अवताडे, आणि पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत स्वतः नागराज मंजुळे. ‘फँड्री’च्या दिग्दर्शकाला वर्दीत, हाणामाऱ्या करताना पाहणे हीच आपल्या पोरांसाठी मोठी गोष्ट होती. पात्राचे नाव मात्र राया पाटील. कांबळे, गायकवाड किंवा सोनवणे नावाचा मराठी पोलीस-नायक, जो स्वतः हसतो आणि ज्याची जात कथेत माहीत असते, तो अजून कुणीतरी लिहायचा आहे.