लुगडे आणि पाडवा

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले. सौंसर, पांढुर्णा व रामाकोना मध्य प्रदेशातच राहिले. घरातील मराठी मात्र टिकली आणि तिच्यासोबत नऊवारी लुगडेही. कासोट्यामुळे शेतात वावरण्यास सोयीचे असे हे कष्टकरी स्त्रीचे वस्त्र पुढे पाचवारीपुढे मागे सरले.

१९९९ मध्ये डोंबिवलीच्या श्रीगणेश मंदिर संस्थानाने पाडव्याची शोभायात्रा सुरू केली. पुढे गिरगाव, ठाणे येथेही नऊवारी नेसून, फेटे बांधून स्त्रिया दुचाकीवरून मिरवू लागल्या. वस्त्राचा मान वाढला खरा. परंतु आजीचे नित्याचे लुगडे नातीपुरते एका सकाळचे झाले, तेही पुष्कळदा शिवलेले. उत्सव आठवण राखतो. नेसण्याची विद्या मात्र आजीकडूनच घ्यावी लागते.