चौघांचा संसार

गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांची मंडळी जमते कशी, हे कोणीही सांगेल. ती मोडते कशी, हे सांगणे मात्र कठीण. आमच्या राळेगावकडे खंजिरी भजनाची मोठी आवड. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) ती साऱ्या विदर्भाला लावली. परंतु एखादे मंडळ बंद का पडले म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले: "भांडणं झाली, दुसरं काय!" या उत्तराने माझे कधीच समाधान झाले नाही. म्हणून सातासमुद्रापलीकडच्या रॉक बँडांच्या चरित्रांत मी ते धुंडाळले. वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर हा विलायती विषय कशाला, असे म्हणू नका. त्याचा एक धागा आपल्या पांचगणीतूनच निघालेला आहे.

लग्नाच्या बँडात मास्तर एक आणि बाकीचे रोजाने आलेले. रॉक बँडाचे तसे नव्हे. तेथे चार-पाच समवयस्क पोरे, दोन-तीन गिटारी आणि एक ड्रमचा ताफा. मालक कोणी नाही, नोकर कोणी नाही. गाणी बहुधा त्यांची त्यांनीच रचायची. म्हणजे हा एकत्र कुटुंबाचा संसारच, फक्त त्यात कर्ता पुरुष नाही.

पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ साली पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पियानोवर बसणाऱ्या पारशी मुलाचे नाव फारुख बलसारा. झांझिबार बेटावर १९४६ साली जन्मलेला हा मुलगा शिक्षणासाठी घरापासून इतक्या दूर येऊन वसतिगृहात राहिला होता. गंमत अशी, की मुख्य गायक तो नव्हताच. तो मान ब्रूस मरे या मुलाचा. या बँडात ना पैशाची वाटणी होती, ना नावाची. तो मोडला तो भांडणाने नव्हे. शाळा संपली, मुले पांगली, इतकेच. ड्रम वाजविणारा व्हिक्टरी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात मोठा सेनाधिकारी झाला, डेरिक ब्रांच इंग्लंडात नट झाला, फारंग इराणीने पुण्यात उपाहारगृह चालविले.

फारुखच्या नशिबी मात्र दुसरा संसार होता. १९६४ च्या झांझिबारमधील राज्यक्रांतीनंतर त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले. तेथे १९७० साली ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या साथीने 'क्वीन' उभी राहिली. पुढल्या वर्षी जॉन डीकन आला. फारुखचा फ्रेडी मर्क्युरी झाला. १९७५ साली त्याच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या जवळजवळ सहा मिनिटांच्या गाण्याने इंग्लंडात नऊ आठवडे पहिला क्रमांक सोडला नाही. पण तबकडीला दुसरी बाजूही असते! त्या बाजूला टेलरचे गाणे होते. तबकडी खपली ती फ्रेडीच्या गाण्यासाठी. मानधन मात्र दोन्ही बाजूंच्या रचनाकारांना सारखेच मिळाले. धुसफूस झाली, आणि ती वर्षानुवर्षे राहिली. शेवटी १९८९ च्या 'द मिरॅकल' या संग्रहापासून चौघांनी ठरविले, की गाणे कोणीही रचो, नाव चौघांचे लागेल. भांडणाचे मूळ शोधून ते उपटण्याचा हा शहाणपणा थोडा उशिरा आला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडी गेला, तेव्हा तो अवघा ४५ वर्षांचा होता. पण तोपर्यंत घर मोडलेले नव्हते.

'बीटल्स'चे घर मात्र मोडले. तेथे लेनन आणि मॅकार्टनी या दोघांचा करार असा, की रचना एकाची असली तरी नाव दोघांचे. यात धाकट्या जॉर्ज हॅरिसनच्या वाट्याला एका तबकडीत एखाद-दुसरे गाणे येई. तो मुंबईस येऊन पंडित रविशंकरांजवळ सतार शिकला. १९६८ च्या जानेवारीत त्याने मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत आपल्या वादकांकडून संगीत ध्वनिमुद्रित करून घेतले. तिकडे १९६७ च्या ऑगस्टमध्ये व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन वारला. घरातला वडीलधारा गेला, आणि हिशेब कोणी पाहायचा यावरून चौघांत तट पडले. १९७० च्या अखेरच्या दिवशी मॅकार्टनीने भागीदारी मोडण्यासाठी लंडनच्या न्यायालयात दावा लावला. भावाभावांच्या वाटणीची फिर्याद आमच्या तालुक्याला नवी नाही. तिची भाषा तेवढी वेगळी.

मुंबईत १९८४ साली 'रॉक मशीन' निघाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही त्यातली आपल्याकडची नावे. आरंभी परक्यांची गाणी वाजविणाऱ्या या मंडळींनी १९८८ साली स्वतःच्या गाण्यांची तबकडी काढली, १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' हे नाव घेतले, १९९७ मध्ये पांगले आणि २०१० साली पुन्हा एकत्र आले. पांगणे म्हणजे संपणे नव्हे, हेही यावरून दिसते.

तेव्हा "भांडणं झाली" या उत्तरात अर्धेच सत्य आहे. भांडणे 'क्वीन'मध्येही झाली. फरक एवढाच, की तेथे वाटणीचा नियम बदलण्याइतके मन मोठे होते. आणि पुष्कळ मंडळ्या तर 'हेक्टिक्स'सारख्या भांडणावाचूनच विझतात. आमच्या राळेगावची पोरे बारावी झाली, की नागपूर-पुण्याची वाट धरतात. त्यांत खंजिरी वाजविणारा जातो, पेटीवाला जातो. मागे राहिलेल्यांना मात्र उगीचच वाटत राहते, की आपले काही चुकले असावे. त्यांचे काही चुकलेले नसते. दिवाळीला ही पोरे चार दिवस घरी येतात. तेवढ्यात कोणी खंजिरी हाती दिली, तर ताल त्यांच्या बोटांत अजून असतो. देणारा मात्र कोणीतरी हवा.