सुईमागचा कागद

१० जानेवारी २०२२ रोजी भारतात करोनाच्या लसीची तिसरी मात्रा द्यायला सुरुवात झाली. आधी आरोग्य कर्मचारी, आघाडीवर काम करणारे आणि व्याधी असलेले साठीपुढचे लोक. बरोबर सव्वाशे वर्षांपूर्वी, १० जानेवारी १८९७ ला, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी आपण बनवलेली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. तीही १० घन सेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना जी मात्रा दिली तिच्याहून बरीच जास्त. ताप चढला, टोचल्या जागी ठणका लागला, आणि दोन-चार दिवसांत माणूस पुन्हा कामाला उभा राहिला. दिल्लीत कुणी ही तारीख मुद्दाम साधली असेल असं मला वाटत नाही. पण या योगानेच मी १८९७ च्या मुंबईत शिरलो, आणि तिथे मला जे सापडलं त्याने लसीच्या सक्तीबद्दलचं माझं मत पार बदललं.

माझं म्हणणं असं: पुन्हा टोचून घेण्याचा वाद आपल्याकडे डॉक्टरांनी आणला नाही, दाखल्याने आणला. दाखल्यावर तारीख पडली आणि वाद सुरू झाला.

देवीच्या लसीपासून बघू. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली गेली. १८७७ मध्ये मुंबई शहरात मुलांना देवी काढणं कायद्याने बंधनकारक झालं. हे सगळं लसीच्या कुठल्याही इतिहासात असतं. त्यात नसतो तो दंडावरचा व्रण. आज पंचावन्न-साठीच्या घरात असलेल्या कुणाची बाही वर करा, नाण्याएवढा, मधे खोलगट, कडेला सुरकुतलेला डाग दिसेल. देवी काढलेल्या माणसाला कागद जवळ बाळगण्याची गरजच नव्हती. गावात देवीचा डॉक्टर आला की तो बाही वर करायला सांगे, व्रण बघे आणि पुढे जाई. त्या व्रणावर तारीख नव्हती. लस दहा वर्षांपूर्वीची की तीस, हे त्यावरून कळत नसे आणि कुणी विचारतही नसे.

प्लेगची लस असा व्रण ठेवत नाही. दोन दिवस सूज, ताप, काखेत गाठ आल्यासारखं दुखणं, आणि मग काहीच नाही. टोचलेला आणि न टोचलेला माणूस शेजारी उभे केले तर फरक ओळखता येत नाही. म्हणून कागद आला.

त्या वेळची गरज समजून घ्यायला रत्नागिरीहून बघावं लागतं. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगास यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती पळाली. मुंबईबाहेर जन्मलेल्या मुंबईकरांत सर्वांत मोठा गट रत्नागिरी जिल्ह्याचा होता, आणि तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत होता. गिरणीत, गोदीत, पोलिसात, घरगड्याच्या कामात हीच माणसं. रेल्वे नव्हती. वाट एकच, बोटीची. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी एकेक बंदरं घेत बोट खाली यायची आणि बंदरावर तपासणी असायची. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांच्या हाती जवळजवळ सगळंच दिलं होतं: घरझडती, विलगीकरण, प्रवाशांना अडवून ठेवणं. रत्नागिरीतच जन्मलेल्या टिळकांनी 'केसरी'तून पुण्यातल्या झडत्यांवर काय आसूड ओढले आणि २२ जूनला तिथल्या प्लेग अधिकारी रँडवर काय गुदरलं, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे.

एवढा कठोर कायदा हातात असूनही सरकारने लस मात्र कुणावर लादली नाही. टोचणी ऐच्छिक, हेच धोरण राहिलं. मग लोकांनी टोचून का घेतलं? एक कारण धीर. भायखळ्याच्या तुरुंगात हाफकिन यांनी कैद्यांवर लस तपासली तेव्हा न टोचलेल्या १७२ जणांत १२ आजारी पडले आणि ६ दगावले. टोचलेल्या १४७ जणांत दोघेच आजारी पडले, दगावलं कुणीच नाही. आगाखान (तिसरे) यांनी सर्वांसमक्ष टोचून घेतलं आणि त्यांच्या खोजा जमातीतले हजारो लोक मागोमाग आले. दुसरं कारण, आणि माझ्या मते जास्त वजनदार, सवलत. ज्याच्याकडे टोचल्याचा दाखला त्याला विलगीकरणाच्या छावणीतून आणि प्रवासातल्या अडवणुकीतून मोकळीक. कायद्यात सक्ती नव्हती, पण दाखला नसणाऱ्याचं जगणं अवघड होतं. या दाखल्यांना मुदत असे, कारण लसीचा जोर काही महिन्यांतच ओसरतो हे खुद्द हाफकिन यांचंच म्हणणं होतं. आणि प्लेग तर दर हिवाळ्यात परत यायचा.

याच साथीत, १८९८ मध्ये, मुंबई इलाख्यातल्या हुबळीला सर्जन-कॅप्टन लॉयमन यांनी जवळजवळ अख्खं शहर टोचून काढलं. त्यांच्या नोंदींत न टोचलेले, एकदा टोचलेले आणि दोनदा टोचलेले अशी वेगळी गणना आहे. बूस्टरचा वाद आपल्याकडे पहिल्यांदा आकड्यांत मांडला गेला तो इथे, असं मी मानतो. मुंबईहून बोटीने उतरलेल्या कोकण्याच्या कनवटीलाही असा दाखला असणार, यात मला शंका वाटत नाही. छावणी टाळण्यासाठी माणूस याहून बरंच काही करतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही भक्कम आहेत.

पहिला जर्मनीचा. देवीची एक लस जन्मभर पुरते असं ती शोधणाऱ्या जेन्नरला वाटत होतं. ते खरं नाही हे युरोपात लवकरच कळलं आणि १८३४ पासून प्रशियाच्या सैन्यात सैनिकांना पुन्हा टोचायला लागले. १८७४ च्या जर्मन कायद्याने शाळकरी मुलांनाही दुसऱ्यांदा टोचणं बंधनकारक केलं. म्हणजे पुन्हा टोचणं हे शास्त्रातून आलं आणि प्लेगच्या साठ वर्षं आधी आलं. मान्य आहे. पण बराक आणि शाळा दोन्हीकडे माणसांची यादी आधीच हाताशी असते आणि हुकूम वरून येतो. बाजारात, बंदरावर, गाडीत फिरणाऱ्या मोकळ्या माणसाला 'तुझी मुदत संपली' असं सांगायचं तर कागदच लागतो.

दुसरा आक्षेप अमेरिकेचा, आणि तो मला जास्त झोंबला. लससक्तीच्या वादात जगभर सर्वांत जास्त दाखला दिला जातो तो १९०५ च्या जेकबसन विरुद्ध मॅसॅच्युसेट्स या निकालाचा. हेनिंग जेकबसन हे तिथल्या केंब्रिज शहरातले पाद्री. देवीची लस नाकारली म्हणून त्यांना पाच डॉलर दंड झाला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. या निकालावर पुष्कळ लिहिलं जातं, पण मूळ हुकूम काय होता हे क्वचितच सांगितलं जातं. १९०२ मध्ये केंब्रिजच्या आरोग्य मंडळाने फर्मावलं होतं की १ मार्च १८९७ नंतर ज्यांची लस लागू पडलेली नाही त्या सर्वांनी टोचून किंवा पुन्हा टोचून घ्यावं. जेकबसन यांना लहानपणी स्वीडनमध्ये लस दिलेली होती आणि तिचा त्रासही झाला होता. म्हणजे सक्तीचा हा सर्वांत गाजलेला खटला मुळात बूस्टरचा खटला आहे!

इथे प्लेग नाही, देवी आहे, दंडावर व्रणही असणार. मग माझ्या म्हणण्याचं काय? ते मोडत नाही, उलट धारदार होतं. व्रण असूनही मंडळाला वर एक तारीख घालावी लागली, आणि भांडण पेटलं ते त्या तारखेमुळे.

कोकणातल्या खलाशांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. बोटीवर जाणाऱ्याच्या पासपोर्टासोबत लसीच्या नोंदींची पिवळी पुस्तिका असतेच. पूर्वी तिच्यात कॉलऱ्याची लस सहा महिने चालायची आणि देवीची तीन वर्षं. पीतज्वराची दहा वर्षं चालायची. ११ जुलै २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांनुसार पीतज्वराचा दाखला आजन्म ग्राह्य झाला, जुने दाखलेसुद्धा. लस तीच, दंडही तोच. पुरावे नव्याने तपासले, मुदत काढली आणि दुसऱ्या टोचणीची सक्ती त्या दिवशी संपली.

आता करोना. २०२० च्या गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांना दहा दिवस विलगीकरणात काढावे लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल दोन मात्रा होऊन चौदा दिवस झालेल्यांना उघडली. रत्नागिरीच्या झेरॉक्सच्या दुकानांत त्या दिवसांत आधारकार्डाच्या आकारात कापलेली, लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं ढिगाने निघत. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला चौकोनी कोड. नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक निघाली तर लोक अक्षरशः रडकुंडीला येत. १८९८ चा दाखलाच परत आला होता: टोचणी ऐच्छिक, पण कागदाशिवाय गाडी नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने लोकलच्या बंदीबद्दल सरकारला धारेवर धरलं आणि एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला ती अट गेली. २ मे २०२२ ला जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांनी सांगितलं की कुणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही, आणि त्या वेळच्या परिस्थितीत न घेणाऱ्यांवर घातलेले निर्बंध प्रमाणशीर नाहीत. लसीकरणाचं धोरण मात्र त्यांनी योग्य ठरवलं. मला हा निकाल पूर्ण पटतो.

तिसरी मात्रा नेमकी याच काळात सगळ्यांसाठी आली. १० एप्रिलपासून अठरा वर्षांवरच्यांना खासगी केंद्रांवर पैसे देऊन, १५ जुलैपासून पंचाहत्तर दिवस फुकट. देशात सुमारे ९५ कोटी लोकांनी दुसरी मात्रा घेतली होती. तिसरी घेणारे साधारण २२-२३ कोटीच निघाले. ती दाखवून कुठलंच दार उघडायचं नव्हतं.

ओमायक्रॉन सौम्य होता आणि बहुतेकांना संसर्ग होऊन गेला होता, म्हणून लोकांनी तिसरी टाळली, असं डॉक्टर मंडळी म्हणतात. तरुणांपुरतं ते मला मान्य आहे. मधुमेह असलेल्या सत्तरीच्या माणसाला तिसऱ्या मात्रेचा फायदा नक्की होता, आणि फुकट मिळत असूनही त्या वयातले पुष्कळ जण आलेच नाहीत. आधी त्यांना लस म्हणजे प्रवासाचा परवाना असं शिकवलं होतं, आणि त्यांना तर कुठे जायचंच नव्हतं. त्यांच्यासाठी आरोग्यसेविकेने घरी जाऊन, ओसरीवर बसून, त्यांच्याच प्रकृतीबद्दल बोलायला हवं होतं.