स्टँडर्ड गीत आणि सॅक्सोफोनचे प्रत्यक्ष वादन : व्हिलेज व्हॅनगार्ड, ३ नोव्हेंबर १९५७

अमेरिकेतील जॅझ संगीताच्या इतिहासात ‘स्टँडर्ड’ ही संज्ञा वारंवार येते. न्यूयॉर्कच्या रंगभूमीसाठी किंवा बोलपटांसाठी मुख्यतः १९२० ते १९५० या काळात रचली गेलेली, आणि मूळ नाटक विस्मृतीत गेल्यावरही वादकांच्या संग्रही राहिलेली गीते, असा तिचा स्थूल अर्थ आहे. जेरोम कर्नने स्वरबद्ध केलेले ‘ऑल द थिंग्ज यू आर’ हे गीत ज्या ‘व्हेरी वॉर्म फॉर मे’ या संगीतिकेत १९३९ साली प्रथम आले, तिचे अवघे ५९ प्रयोग झाले. गीत मात्र आजही वाजविले जाते. मराठी वाचकाला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. नाटक रंगभूमीवरून उतरल्यावरही त्यातील पदे मैफलीत टिकून राहिल्याची उदाहरणे महाराष्ट्रात विपुल आहेत.

या गीतांविषयी जॅझच्या चाहत्यांत व समीक्षकांत एक मत रूढ आहे. समर्थ वादकाच्या हाती गीत हे केवळ निमित्त असते. चालीचा पहिला उच्चार झाला की तिचे कार्य संपले आणि पुढे उरते ते वादकाच्या प्रतिभेचे स्वयंपूर्ण दर्शन, असे हे मत आहे. ते सर्वस्वी निराधार नाही. तथापि ते कोणत्या साधनांवरून बनले याची छाननी क्वचितच होते. सॅक्सोफोनच्या प्रत्यक्ष वादनाची उपलब्ध साधने एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, तर या मताचा बराचसा भाग वादनातून नव्हे, तर ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीतून उपजला आहे असे दिसून येते.

प्रथम कालमर्यादेचा विचार करू. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावत असे. टेनर सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स पाच वर्षांच्या युरोपवासानंतर १९३९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला परतला व ११ ऑक्टोबर १९३९ रोजी त्याने ‘बॉडी अँड सोल’ हे गीत मुद्रित केले. जॉनी ग्रीनची ही चाल १९३० सालची. हॉकिन्सने आरंभी तिची ओझरती ओळख दिली आणि नंतरची दोन आवर्तने जवळजवळ संपूर्णपणे स्वतःच्या रचनेने भरून काढली. ही तबकडी लोकप्रिय झाली आणि ‘चाल बाजूला सारणारा वादक’ ही प्रतिमा पुष्कळ अंशी तिच्यामुळे रूढ झाली. पण त्या सुमारास रात्रीच्या क्लबांत हे गीत वाजविताना तोच हॉकिन्स एकामागून एक अनेक आवर्तने घेत असे, असे सांगितले जाते. तबकडीवर दोनच आवर्तनांची जागा असताना चालीच्या सविस्तर मांडणीवर एक आवर्तन खर्च करणे त्याला परवडणारे नव्हते. अब्दुल करीम खाँसारख्या गायकांच्या तीन मिनिटांच्या तबकड्यांवरून ख्यालाच्या विलंबित विस्ताराविषयी अनुमान काढताना जी सावधगिरी बाळगावी लागते, तीच येथेही बाळगली पाहिजे.

दुसरे कारण आर्थिक आहे, आणि ते अधिक बोलके आहे. अमेरिकन कायद्यानुसार गीताच्या चालीवर स्वामित्वहक्क असे. चालीखालून जाणाऱ्या कॉर्डच्या क्रमावर, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या अनुक्रमावर, तसा हक्क व्यवहारात मानला जात नसे. साहजिकच जुन्या गीताचा कॉर्डक्रम कायम ठेवून त्यावर नवी चाल बसविली, तर मूळ रचनाकाराला मानधन द्यावे लागत नसे. चार्ली पार्करने २६ नोव्हेंबर १९४५ रोजी मुद्रित केलेले ‘को-को’ हे रे नोबलच्या ‘चेरोकी’ (१९३८) या गीताच्या कॉर्डक्रमावर उभे आहे. त्या दिवशीचा पहिला, अपुरा प्रयत्नही जतन झालेला आहे. त्यात प्रास्ताविक संपताच वादक ‘चेरोकी’ची मूळ चाल वाजवू लागतात आणि मुद्रण तेथेच थांबविले जाते. पुढच्या प्रयत्नात ती चाल नाही. सवयीने हाताला आलेली चाल मुद्रणालयात गाळली गेली, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. तबकडीवर चाल नाही यावरून वादकाला चालीची गरज नव्हती असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

याच काळात साधनांची आणखी एक तूट निर्माण झाली. अमेरिकन वादकसंघाने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. एका मोठ्या कंपनीशी १९४३ मध्ये तडजोड झाली. उरलेल्या दोन प्रमुख कंपन्यांशी ती होण्यास नोव्हेंबर १९४४ उजाडला. बीबॉप ही नवी शैली नेमकी या दोन वर्षांत क्लबांतून आकार घेत होती.

प्रत्यक्ष वादनाचे खाजगी मुद्रण झाले तेव्हाही साधन निर्दोष राहिले नाही. डीन बेनेडेटी या सॅक्सोफोनवादकाने १९४७ व १९४८ मध्ये लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क येथील क्लबांत चार्ली पार्करचे वादन स्वतःच्या यंत्रावर टिपले. हा संग्रह १९९० मध्ये प्रकाशित झाला. अमोल असा हा ठेवा. पण पार्करचे वादन संपले की बेनेडेटी बहुधा यंत्र बंद करीत असे. सहवादकांचे वादन त्याला जतन करण्यासारखे वाटले नाही. परिणामी त्याच्या संग्रहातील पार्कर आगेमागे काहीच नसलेल्या पोकळीत वाजवीत असल्यासारखा भासतो. येथे दोष यंत्राचा नाही, भक्तीचा आहे. आणि तबकडीची लांबी वाढली तरी हा दोष आपोआप जाणारा नव्हता.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे ३ नोव्हेंबर १९५७ या दिवसाचे महत्त्व कळते. दीर्घवादनाची तबकडी १९४८ मध्ये बाजारात आली होती. चुंबकीय फितीमुळे क्लबात सलग मुद्रण करणे शक्य झाले होते. मॅक्स गॉर्डनने १९३५ साली न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरील एका तळघरात सुरू केलेला व्हिलेज व्हॅनगार्ड हा क्लब आरंभी कवी व विनोदी नकलाकारांचा अड्डा होता. जॅझकडे तो मुख्यत्वे १९५७ च्या सुमारास वळला. त्या रविवारी दुपारी व रात्री सत्तावीस वर्षांचा टेनर सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स तेथे वाजवीत होता आणि ब्लू नोट कंपनीसाठी रूडी व्हॅन गेल्डर मुद्रण करीत होता. दुपारी साथीला डोनाल्ड बेली (बास) व पीट ला रोका (ड्रम) होते. रात्री विल्बर वेअर व एल्विन जोन्स. पियानो नव्हता.

पियानोचा हा अभावच प्रस्तुत विवेचनाचा गाभा आहे. नेहमीच्या जॅझ वादकवृंदात पियानोवादक कॉर्ड वाजवून गीताचा सांगाडा सतत ऐकवीत राहतो. बासवर एका वेळी बहुधा एकच स्वर वाजतो, सॅक्सोफोनवर एकच, आणि ड्रमवर कॉर्ड नाहीच. मग सॅक्सोफोनवादक गीताच्या कोणत्या भागात आहे, त्याने घेतलेला स्वर कॉर्डशी मिळणारा आहे की तिला मुद्दाम ओढ देणारा आहे, हे श्रोत्याला कळावे कसे? चाल त्याच्या स्मरणात असेल तरच. त्या दिवशी वाजलेल्या गीतांची यादी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ‘सॉफ्टली, ॲज इन अ मॉर्निंग सनराइज’ १९२८ च्या संगीतिकेतील. कोल पोर्टरचे ‘व्हॉट इज धिस थिंग कॉल्ड लव्ह’ १९२९ चे. ‘गेट हॅपी’ १९३० चे. ‘आय कान्ट गेट स्टार्टेड’ १९३६ चे. ‘ओल्ड डेव्हिल मून’ १९४७ चे. व्हॅनगार्डमध्ये बसलेल्या न्यूयॉर्ककराला ही गीते रेडिओवरून, बोलपटांतून, घरच्या पियानोवरून परिचित असणार. पियानोवादकाची रिकामी झालेली जागा श्रोत्यांच्या या स्मरणाने भरून काढली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. रोलिन्स मधूनच चालीचा एखादा तुकडा उच्चारतो, तो अर्ध्यावर सोडतो, कित्येक विभाग निःशब्द जाऊ देतो आणि पुन्हा त्याच तुकड्याशी परततो. ही मोकळीक अपरिचित रचनेत घेता आली नसती. गीत येथे निमित्त नाही. वादनाच्या आधारांपैकी तो एक आहे.

सहवादकांचा प्रश्नही येथे नव्या प्रकाशात दिसतो. वेअरची बास बोजड वाटावी इतकी साधी आहे: तो कॉर्डच्या मूलस्वरांवर रेंगाळतो, त्यांची पुनरुक्ती करतो, भोवती जागा सोडतो. जोन्स मात्र मूळ लयीवर दुसरी, तिसरी लय चढवीत जातो. एकाने गीताचा पाया पक्का धरावा म्हणून दुसऱ्याला तो हलविता येतो. ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ दुपारीही वाजले व रात्रीही. दोन्ही मुद्रणे उपलब्ध असल्याने साथ बदलली म्हणजे तोच वादक, तेच गीत, तेच तळघर असूनही वादन किती बदलते हे पाहता येते. बेनेडेटीच्या पद्धतीने मुद्रण झाले असते तर ही तुलनाच अशक्य होती.

अर्थात येथेही निवड झालीच. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या तबकडीवर सहा रचना होत्या, त्यांपैकी दुपारच्या वादनातील एकच. उरलेले मुद्रण १९७० नंतरच्या दशकात काही प्रमाणात आणि १९९९ मध्ये विस्ताराने बाहेर आले. ‘सॉफ्टली’चे दोन प्रयोग मिळतात; दुसऱ्याला पहिल्याची सुधारित आवृत्ती म्हणता येत नाही, दोन्ही आपापल्या जागी पूर्ण आहेत.

याच वर्षी, नोव्हेंबर १९५८ मध्ये, संगीतकार व समीक्षक गुंथर शुलर याने ‘द जॅझ रिव्ह्यू’ या नियतकालिकात रोलिन्सवर एक निबंध लिहिला. एका लहानशा स्वरबीजातून संपूर्ण वादन कसे वाढते हे त्याने त्यात सूक्ष्मपणे दाखविले आणि रोलिन्सच्या वादनाला रचनेची एकात्मता प्राप्त झाल्याचे प्रतिपादन केले. निबंध आजही वाचनीय आहे. पण शुलरचे उदाहरण होते ‘ब्लू सेव्हन’, म्हणजे जून १९५६ मध्ये मुद्रणालयात वाजविलेली ब्लूज रचना. ती कोणत्याही नाटकातून आलेली नव्हती व समोर श्रोतृवृंद नव्हता. अशा वादनात एकात्मता वादकाच्या आतूनच यावी लागते. व्हॅनगार्डमध्ये तिचा एक भाग बाहेरून, सर्वांना ठाऊक असलेल्या गीतातून मिळतो. शुलरचा निकष पहिल्या प्रकाराला लागू पडतो तसा दुसऱ्याला पूर्णपणे पडत नाही.

रोलिन्स स्वतः १९५९ मध्ये व्यासपीठापासून दूर झाला व १९६१ पर्यंत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकटाच सराव करीत राहिला. (त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्याने पुन्हा एकदा विराम घेतला, तेव्हा काही काळ मुंबईजवळ पवई येथील आश्रमात त्याचे वास्तव्य होते.) पुलावरून परतल्यावर १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ब्रिज’ या तबकडीत पियानो नसला तरी गिटार आहे, कॉर्ड ऐकविण्याचे काम पुन्हा वाद्याकडे आले.

नोव्हेंबर १९८५ मध्ये जो हेंडरसन हा टेनर सॅक्सोफोनवादक बासवादक रॉन कार्टर व ड्रमवादक अल फॉस्टर यांच्यासह त्याच तळघरात, त्याच पियानोविरहित पद्धतीने वाजविण्यास उभा राहिला आणि ब्लू नोट कंपनीनेच त्याचे मुद्रण केले. रोलिन्सच्या वादनापासून अठ्ठावीस वर्षे लोटली होती. त्या मुद्रणातून प्रथम प्रसिद्ध झालेल्या निवडीत रंगभूमीवरील गीते नव्हेत, तर प्रामुख्याने थेलोनियस मंक, ड्यूक एलिंग्टन, चार्ली पार्कर अशा जॅझ वादकांच्याच रचना होत्या. समोर बसलेल्या श्रोत्यांना त्या नाटकांतून किंवा बोलपटांतून नव्हे, तर जॅझच्या तबकड्यांवरून पाठ होत्या.