मुंबईत स्मृतिभ्रंश कमी का दिसला?

मीरा रोडच्या हाटकेश भागात आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका काकूंनी मध्यंतरी मला जिन्यात थांबवले. त्यांचे यजमान सकाळी दूध आणायला म्हणून खाली उतरले, ते दुपारी घोडबंदर रस्त्यावर सापडले. घर कुठे हे त्यांना सांगता येईना. डॉक्टरांनी अल्झायमर असल्याचे सांगितले. काकूंचा प्रश्न वेगळाच होता. "सर, हळद खाणाऱ्यांना हा आजार होत नाही असं छापून आलं होतं ना? मग यांना कसा झाला? माझं काही चुकलं का हो?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी जर्मनीतील ट्युबिंगेन येथे डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी एका स्त्री-रुग्णाची हकिगत सांगितली. ही बाई १९०१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झाली होती. मृत्यूनंतर तिच्या मेंदूचे छेद चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा चेतापेशींच्या आत धाग्यांचे गुंते आणि पेशींच्या बाहेर साचलेले पुंजके दिसले. हे पुंजके ज्या प्रथिनाचे असतात, ते बीटा-अमायलॉइड १९८४ मध्ये अमेरिकेत ग्लेनर आणि वाँग यांनी वेगळे केले. तेव्हापासून 'हे प्रथिन साचू न देणे म्हणजेच प्रतिबंध' या कल्पनेने संशोधनाचा मोठा भाग व्यापला.

आता भारताकडे येऊ. १९९० च्या दशकात हरियानातील बल्लभगड येथे दिल्लीचे डॉ. विजय चंद्रा, अमेरिकेतील पिट्सबर्गच्या डॉ. मेरी गांगुली आणि त्यांचे सहकारी यांनी पंचावन्न वर्षांवरील ५,१२६ ग्रामस्थांची पाहणी केली. त्यांतील जवळजवळ तीन-चतुर्थांश लोक निरक्षर होते. 'एक वाक्य लिहून दाखवा' असे त्यांना कसे सांगणार? म्हणून चाचणीच बदलली. लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराविषयी काही सांगा' असे विचारले, आणि 'डोळे मिटा' हे वाचून तसे करण्याऐवजी 'माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा' असे सांगितले. परीक्षा घेताना आपण नक्की काय मोजतो, ज्ञान की वाचनाची सवय, हा प्रश्न आपल्याला नवा नाही! निष्कर्ष मात्र चकित करणारा होता. पासष्ट वर्षांवरील दर हजारी वर्षाला सुमारे ४.७ नवे अल्झायमर-रुग्ण आढळले. पेन्सिल्व्हेनियातील एका परगण्यात हाच आकडा १७.५ होता.

मुंबईतही असेच घडले. डॉ. सी. जे. वास आणि सहकाऱ्यांनी चाळीस वर्षांवरील २४,४८८ मुंबईकरांची टप्प्याटप्प्याने तपासणी केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पासष्टीपुढील लोकांत सर्व प्रकारचा स्मृतिभ्रंश २.४४ टक्के आणि त्यातील अल्झायमर १.५ टक्के भरला. पाश्चात्त्य देशांच्या मानाने हे प्रमाण फारच कमी होते.

मग भारतीयांकडे असे काय आहे, याचा शोध सुरू झाला. एक दुवा जनुकांत मिळाला. अल्झायमरची शक्यता वाढवणारा 'अपोई-४' हा जनुकप्रकार बल्लभगडमध्ये पेन्सिल्व्हेनियापेक्षा कमी आढळला, पण तेवढ्याने एवढा फरक उलगडत नाही. दुसरा दुवा स्वयंपाकघरात. २००१ मध्येच कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी अमायलॉइड साचणाऱ्या उंदरांना हळदीतील कर्क्युमिन थोड्या मात्रेत खायला दिले, तर मेंदूतील पुंजके ४३ ते ५० टक्क्यांनी घटले. झाले! सांगलीच्या हळदपेठेपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वांनाच ही बातमी गोड लागणारी होती.

माणसांवरील प्रयोगांनी मात्र निराशा केली. २००८ मध्ये हाँगकाँगला ३४ रुग्णांवर आणि २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात ३६ रुग्णांवर सुमारे सहा-सहा महिने चाचण्या झाल्या. दोन्हींत फायदा दिसला नाही. दुसऱ्या चाचणीत रोज चार ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिले होते. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते. म्हणजे तेवढ्यासाठी रोज किती हळद खावी लागेल, हे गणित वर्गात जरूर घालावे. उत्तर सव्वाशे ग्रॅमच्या वर येते. शिवाय खाल्लेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते.

पण मूळ आकडाच तपासायला हवा होता, असे माझे मत आहे. स्मृतिभ्रंशाच्या निदानात 'दैनंदिन व्यवहार जमेनासे झाले' ही अट असते. ज्या घरात आजोबांचे पाणीसुद्धा सूनबाई हातात देते, तिथे व्यवहार जमेनासे झाले हे कळणार कसे? विचारले तर 'वय झालं, चालायचंच' हेच उत्तर. '१०/६६' या आंतरराष्ट्रीय संशोधक-गटाने २००८ मध्ये दाखवून दिले, की भारतातील त्याच लोकांना वेगळ्या निकषाने तपासले तर प्रमाण कितीतरी पट वाढते.

पुढे देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने देशभर वृद्धांची मोठी पाहणी झाली. तिच्यातूनच निवडलेल्या ४,०९६ जणांची स्मृती तपासून २०२३ मध्ये अंदाज प्रसिद्ध झाला. साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत तो अधिक, खेड्यांत अधिक, शिकलेल्यांत कमी. वयोगट आणि पद्धती वेगळ्या असल्याने मुंबईच्या आकड्याशी थेट तुलना करता येणार नाही, हे खरे. तरीही ज्या संरक्षणाचे कारण आपण डब्यातल्या हळदीत शोधत होतो, त्याचा बराचसा भाग मोजणीतच हरवलेला होता, असे दिसते.

प्रतिबंधाविषयी आज काय म्हणता येते? 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये टाळता किंवा कमी करता येण्याजोगी चौदा कारणे दिली. अपुरे शालेय शिक्षण, बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, दृष्टिदोष वगैरे. ही सारी दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा आयोगाचा हिशेब आहे. हिशेब लोकसंख्येचा आहे, एका माणसाचा नव्हे.

काकूंना मी एवढेच सांगितले, की तुमचे काही चुकले नाही. मग काकांच्या कानाची तपासणी झाली आहे का, असे विचारले. झाली नव्हती. आता खिशात पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवून, काकूंना सोबत घेऊनच ते दूध आणायला उतरतात.